हातभर मागे

भामाने डावा पाय उचलला, उजव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि मनात मोजायला सुरुवात केली. एक... दोन... तीन... सातवर आली आणि हॉलचं दार उघडून तिचा नवरा आत आला.

आठ राहूनच गेले.

दिलसुखनगरच्या बाजारामागे एक फंक्शन हॉल आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला त्याच्या तळमजल्यावर साठीपुढच्या माणसांचा व्यायामाचा वर्ग भरतो. पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण येणारे सगळे त्याला हाडांचा वर्ग म्हणतात. त्या दिवशी कालच्या लग्नातले झेंडू अजून फरशीवर पडलेले होते, छताला माळा लोंबत होत्या, आणि त्या माळांखाली इस्त्रीचा निळा शर्ट घातलेले प्रतापराव उभे होते. अगदी वेळेआधी आलेल्या वऱ्हाड्यासारखे.

"या अंकल, या या!" वर्ग घेणारी चारुलता पुढे झाली. ही तिशीतली फिजिओथेरपिस्ट. मराठी तिच्या घरात बोलली जायची, पण शिकली सगळं इंग्रजीत आणि मैत्रिणी तेलुगू. त्यामुळे तिची भाषा म्हणजे तीन नद्यांचा संगम. "काल फोन केला ते तुम्हीच ना? अय्यो, भामा मावशी, पाय खाली ठेवा! चेहरा पांढरा पडलाय तुमचा. तुम्ही... ओळखता का एकमेकांना?"

"नाही," भामाच्या तोंडून निघून गेलं.

प्रतापरावांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "आजच बघतोय."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ही दोघं इतक्या पटकन एकमताने कधी बोलली नव्हती.

आता भामाने खोटं का सांगितलं, ते सांगायला हवं. ती काही खोटं बोलणारी बाई नव्हे. एकतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीची मुलं तिने शिकवली. फळ्यावर बेरीज चुकली तर स्वतःच्याच नावापुढे फुली मारणारी ती बाई. पण दोन महिन्यांपूर्वी एका तपासणी शिबिरात तिच्या हाडांचं मोजमाप झालं. मग डॉक्टरांनी मोठा स्कॅन करायला लावला आणि कागद हातात दिला. पाठीचे मणके आणि खुब्याचं हाड आतून विरळ झालं होतं. जुन्या जाळीदार शालीसारखं. वरून धड दिसायचं, पण पडलं तर मोडायचं. डॉक्टरांनी आठवड्याची एक गोळी लिहून दिली, जेवण सुधारायला सांगितलं आणि त्याच कागदामागे या वर्गाचा पत्ता लिहिला.

घरी येऊन भामाने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबुदाण्याच्या डब्यात, अगदी तळाशी दडवला. त्या डब्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

कारण एकच. तिच्या सासूबाईंचा खुबा मोडला होता. मागच्या खोलीतल्या खाटेवर त्या सहा वर्षं होत्या, आणि रोज संध्याकाळी प्रतापराव खाटेशी येऊन उभे राहायचे. त्या वेळची त्यांची नजर भामाने पाहिली होती. माया होती, पण तिच्याखाली असं काही होतं की बघणाऱ्यालाच थकवा यावा. सासूबाई गेल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पुन्हा असं कुणाला बघायचं बळ माझ्यात नाही गं." ती नजर आपल्याकडे वळलेली भामाला बघायची नव्हती. मोडलं तर मोडू दे, पण कीव नको.

म्हणून मंगळवार-शुक्रवार ती "देवीच्या देवळात" जात होती. आणि आज प्रतापराव "बँकेत, हयातीचा दाखला द्यायला" गेले होते.

दुपारी अंबरपेठच्या घरी ती आमटी ढवळत असताना ते बँकेतून आले. पायांतल्या चपला काढत म्हणाले,

"देवळात गर्दी होती का?"

भामाच्या हातातला डाव थांबला. "नव्हती. बँकेत?"

"होती थोडी. चांगली माणसं भेटली पण."

बस्स, एवढंच. ते पेपर घेऊन बसले. भामाने आमटीत मीठ दोनदा घातलं.

शुक्रवारी ते पुन्हा आले. ती आधीच्या बसने, ते पुढच्या.

चारुलताने जोड्या लावल्या होत्या. एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच जोडत सरळ रेषेत चालायचा व्यायाम असला की चालणाऱ्याच्या मागे एकाने उभं राहायचं, हातभर अंतर ठेवून. धरायचं नाही. फक्त असायचं. तोल गेला तर दोन्ही हात कमरेशी.

"अंकल, तुम्ही भामा मावशींच्या मागे."

"चालेल," प्रतापराव म्हणाले. "बाईंची हरकत नसेल तर."

"हरकत कसली," भामा पुढे बघत म्हणाली. कान मात्र गरम झाले होते. "कुठे राहता आपण?"

"अंबरपेठला."

"अगबाई! मीही."

"मोठं आहे अंबरपेठ."

"हौ ना. माणसं शेजारी राहूनसुद्धा वर्षानुवर्षं भेटत नाहीत."

मागून हसू आलं... दाबलेलं, नाकातून आलेलं. त्रेचाळीस वर्षांत हे हसू तिने शेवटचं कधी ऐकलं होतं, तेच तिला आठवेना. टाच, बोटं. टाच, बोटं.

"आणि तुम्ही या वर्गाला कसे?" तिने आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.



"हाडं पातळ झालीत म्हणतात. घरी बोललो नाही. उगाच काळजी करत बसतील. तुम्ही?"

"मी आपली... हौस म्हणून," भामा म्हणाली, आणि पुढचं पाऊल रेषेच्या बाहेर पडलं.

तर तिचा नवरा आजारी होता, आणि ते तिला एका परक्या माणसाकडून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भामा बेगम बाजारात होती. नाचणी घेतली, पांढरे तीळ घेतले, राजगिरा घेतला, हुलगे घेतले. परतताना भाजीवालीकडून शेवग्याच्या पाल्याच्या चार जुड्या. भाजीवाली म्हणाली, "मुनगाकु इतका? घरी पाहुणे आले काय अम्मा?" भामा म्हणाली, "नाही, घरचंच माणूस आहे."

त्या दिवसापासून घरचं ताट बदललं. सकाळी नाचणीची आंबील. दुपारी भाकरीबरोबर तिळाची चटणी, पाल्याची परतलेली भाजी, घट्ट वरण, वाटीभर दही. चारुलता वर्गात सांगायची तसं सगळं. कॅल्शियम एकटं काही करत नाही, डाळ-उसळ-अंडं पण पोटात जायला पाहिजे, सकाळचं ऊन अंगावर पडलं पाहिजे, आणि कॅल्शियमच्या गोळीचं व चहाचं पटत नाही, दोघांना दोन तास लांब ठेवा.

पहिल्या दिवशी प्रतापरावांनी ताटाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"काय झालं? आवडत नाही?"

"आवडतं. पण एवढं एकट्याच्या घशाखाली उतरत नाही. तू खाणार असशील तर मी खाईन."

"मी मागून बसते ना. नेहमीसारखी."

"मग मीही मागून बसतो."

आणि खरंच उठायला लागले. भामाची पंचाईत झाली. तिच्या पानात उरलेली भाकरी आणि खालची आमटी हे त्रेचाळीस वर्षांचं ठरलेलं होतं. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी... उपासच महिन्यात आठ-नऊ. पण या माणसाची हाडं पातळ झालेली. तिने दुसरं ताट घेतलं. सोमवारी पुन्हा तेच, तो हात पुन्हा मांडीवर. तिने देवाची क्षमा मागितली आणि उपास सोडला. साबुदाण्याचा डबा फडताळात मागे सरकत सरकत गेला.

घरी वर्गाचा विषय कुणी काढत नव्हतं. घरी ती "अहो, दूध आलंय" म्हणायची, ते "हं" म्हणायचे. मंगळवार-शुक्रवारी मात्र झेंडूच्या माळांखाली वेगळीच दोन माणसं भेटत होती.

"घरी कोण असतं तुमच्या, भामाबाई?"

"एक गृहस्थ आहेत. पेपर वाचतात."

"दिवसभर?"

"मधून मधून चष्मा शोधतात. डोक्यावर असतो."

"आमच्याकडे एक मास्तरीण आहेत. भाजी कशी झाली असं विचारतात आणि आपण उत्तर दिलं की त्या उत्तराला मार्क देतात."

"किती मिळतात?"

"दहापैकी चार. वरती पुन्हा 'प्रगती हवी' असा शेरा."

भामा भिंतीला तळवे टेकवून दंड काढत होती. हसल्यामुळे कोपर वाकलेच नाहीत. एकदा ती मोरपंखी साडी नेसून आली, तेव्हा मागून हळूच आवाज आला,

"रंग छान आहे."

"कुणाला सांगताय? घरी तर कुणी बघत नाही."

"बघत असतील," प्रतापराव म्हणाले. "बोलत नसतील."

पुढच्या शुक्रवारी भामाने पुन्हा मोरपंखीच नेसली, आणि तेव्हा निऱ्या जरा वर घ्यायला विसरली नाही. हल्ली तिच्या सगळ्याच साड्या जमिनीवर लोळायला लागल्या होत्या.

वर्गात मालतीबाई म्हणून एक होत्या, दिलसुखनगरच्याच. गुडघ्यांपेक्षा त्यांचे डोळे जास्त व्यायाम करायचे. एका मंगळवारी त्यांनी भामाला पाण्याच्या पिंपाशी गाठलं.

"भामाबाई, राग नक्को मानू. एक विचारते. गळ्यात मंगळसूत्र आहे, म्हणजे घरी... आहेत ना?"

"हौ, आहेत."

"मग हे निळ्या शर्टवाले?"

"ते पण आहेत," भामा म्हणाली आणि पाणी पिऊन निघून गेली.

मालतीबाई आठवडाभर परेशान होत्या.

वर्गाचा एक कडक नियम होता, आणि भामाची खरी अडचण तिथे होती. झालं असं की पहिल्याच महिन्यात एक तेलुगू बाई चालताना डगमगल्या आणि सवयीने ओरडल्या, "एमंडी!" तेलुगू बायका नवऱ्याला अशी हाक मारतात, आपल्याकडच्या 'अहो'सारखी. तीन पुरुष एकदम वळले आणि त्यातल्या एकाचाच तोल गेला. बाईंच्या मागे तर दुसरी बाईच उभी होती. तेव्हापासून चारुलताने सांगितलं, एमंडी नाही, अहो नाही, अंकल नाही. मागच्या माणसाला नावाने हाक मारायची. स्पष्ट. मोठ्याने.

भामाने नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच तोंडाने घेतलं होतं. लग्नात, उखाण्यात, तेही सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या म्हणून. त्यानंतर रेशनकार्डावर लिहिलं, शाळेच्या अर्जावर लिहिलं, पण जिभेवर कधी आलं नाही. तिने त्यावर साधा उपाय काढला. नाव घ्यायला लागू नये म्हणून तिने तोलच जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. घरी ओट्याला धरून एका पायावर उभी राहायची. हात न लावता खुर्चीतून उठायची, आधी पाच वेळा, मग दहा, मग पंधरा. खाली पडलेला चमचा कमरेतून न वाकता, गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून उचलायची. चारुलता म्हणायची, "सुपर, मावशी! सगळ्यांत लवकर तुमचे पाय घट्ट झाले." खरं कारण तिला कुठून ठाऊक असणार!

रविवारची गोळी तेवढी अवघड होती. ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास ताठ बसून राहायचं, चहा नाही, लोळणं नाही. भामाने सांगून टाकलं होतं की रविवारी सकाळी मी जप करते. प्रतापरावांनी काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने चहाचा कप मात्र आपोआप समोर येत असे.

डिसेंबरात एक गंमत झाली. दिवाळीआधी प्रतापरावांनी हट्टाने स्वयंपाकघराला रंग लावून घेतला होता. त्या गडबडीत सगळं खाली-वर झालं, आणि नंतर बरेच दिवस भामा वरच्या फळीकडे गेलीच नव्हती. वर्षभर तिथल्या लाडवाच्या डब्याला तिचे हात पुरत नसत. कुणाला तरी हाक मारावी लागायची. त्या सकाळी तिने सहज हात वर केला आणि डबा आला हातात!

वर्गात ती सांगितल्याशिवाय राहीना. "चारुलता, मी वाढले! चांगली दीड इंच."

"मावशी, उंची परत येत नाही हो," चारुलता म्हणाली. "पाठ सरळ राहायला लागली, त्याने थोडा फरक पडतो. पण दीड इंच? छे!"

"अगं, डबा हाताला लागला माझ्या."

प्रतापराव छताचा पंखा फार लक्ष देऊन पाहत होते.

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी वर्ग सुटताना चारुलताने सगळ्यांना थांबवलं. "पुढच्या मंगळवारी टेस्ट आहे. एका पायावर उभं राहणं, खुर्ची, आणि रेषेवरची चाल. आणि अंकल, बाकी सगळ्यांचा पहिला स्कॅन फाईलला लागलाय, तुमचाच नाही. मावशींनी पण फक्त दाखवलेला, कॉपी दिली नाही. दोघं घेऊन या."

भामाने मनात हिशेब मांडला. ते जाणूनबुजून देत नसतील. आकडा वाईट असेल. माझ्याहून वाईट?

त्या दुपारी प्रतापराव तिळाची पुडी आणायला गेले आणि भामाने त्यांचं कपाट उघडलं. छत्तीस वर्षं सर्वे खात्यात जमिनी मोजलेला माणूस. सगळं जागच्या जागी. रक्तदाबाची फाईल. दातांची फाईल. डोळ्यांची, चष्म्याच्या तिन्ही नंबरांसकट. हाडांचं काही नव्हतं. खालचा खण, वरचा खण... नाही.

बरं, निदान आपला तरी काढून ठेवावा म्हणून तिने फडताळातून साबुदाण्याचा डबा पुढे ओढला. कितीतरी महिन्यांनी. परातीत ओतला. तळाची पिशवी काढली, पिशवीतला कागद काढला, आणि तशीच स्टुलावर बसली.

कागद तिने अर्धा करून पुन्हा अर्धा दुमडला होता. आपण पत्र दुमडतो तसा. आता तो पंख्यासारखा होता. उभ्या सारख्या पट्ट्या, एक मागे, एक पुढे, आणि मग आडव्या तीन घड्या. ही नकाशाची घडी. सर्वे खात्यातली माणसं अशी घालतात, म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहून हवा तेवढाच तुकडा उघडता येतो. प्रतापराव विजेचं बिलसुद्धा असंच दुमडायचे. त्यांच्या हातांना दुसरी घडी माहीतच नव्हती.

म्हणजे त्यांनी वाचला होता. पहिल्यापासून.

आधी तिला लाज वाटली, मग राग आला. पाच महिने! पाच महिने हा माणूस सोंग घेऊन मागे उभा होता. कीव करत होता. तिने डोळे मिटले आणि ती नजर शोधली... खाटेशी उभी राहिलेली, थकलेली. हॉलमधली एकेक सकाळ तिने आठवून पाहिली. साडीचा रंग. दहापैकी चार. नाकातून आलेलं ते हसू. ती नजर मात्र एकाही सकाळी सापडेना.

प्रतापराव तीळ घेऊन आले. तिने मुकाट्याने भाजायला घेतले. घरी बोलायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं.

मंगळवारी हॉलमध्ये नव्या लग्नाच्या माळा होत्या, शेवंतीच्या, पांढऱ्या-पिवळ्या. कोवळं ऊन दारातून थेट रेषेवर येत होतं. एका पायावरची टेस्ट झाली. खुर्चीची झाली, भामा तीस सेकंदांत चौदा वेळा उठली. मग ती रेषेच्या टोकाशी उभी राहिली. प्रतापराव हातभर मागे.

टाच, बोटं. टाच, बोटं.

"एक सांगू?" ती पुढे बघत म्हणाली. "आमच्या घरच्यांनी माझा एक कागद वाचला. मला न सांगता."

मागची पावलं क्षणभर थांबली, मग पुन्हा आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घडीवरून."

"अरेच्चा," प्रतापराव स्वतःशीच म्हणाले. "त्यांचं काय झालं असेल सांगू का... श्रावणातला सोमवार होता. बाई तापाने पडलेल्या, तरी उपास. गृहस्थांना वाटलं, आपण खिचडी करावी. साबुदाणा किती भिजवतात ठाऊक नाही, म्हणून सगळा डबा परातीत ओतला."

"सगळा?"

"सगळा. आणि तसंही त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. बाईंच्या साड्या जमिनीला लागायला लागल्या होत्या. साड्या काही वाढत नाहीत. जन्मभर मोजणी केलेल्या माणसाला तेवढं कळतं."

टाच... बोटं. भामाला रेषा जरा धूसर दिसायला लागली.

"मग सरळ विचारायचं होतं त्यांनी."

"विचारलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, मला काही झालेलं नाही. आणि पुन्हा खालची आमटी, उरलेली भाकरी. स्वतःसाठी चमचाभर दही वाढून घेत नाहीत त्या. पण नवऱ्याची हाडं पातळ झालीत म्हटल्यावर बेगम बाजार घरी आणतील. आणल्याच की नाही?"

"म्हणजे... हाडं?"

"ठणठणीत. वजन चार किलो वाढलंय तेवढं."

"आणि पहिल्या दिवशी? ओळखत नाही म्हणून सांगितलंत ते?"

"तुम्ही नाही म्हणालात," प्रतापराव हळू म्हणाले. "म्हटलं, बाईंना आत्ता ओळखीचं माणूस नको असेल. मग अनोळखी होऊन उभं राहावं. पण उभं राहावं."

रेषा संपली होती. आता वळायचं होतं.

तिला विचारायचं होतं, तुम्हाला भीती नाही वाटली? सहा वर्षं बघितलंत ना? ती विचारायला म्हणूनच वळली, घाईने, चेहरा बघायला... आणि कालच्या माळेतून गळालेल्या शेवंतीवर तिची टाच पडली. पाय सरकला. हात हवेत गेले. खुर्ची लांब होती.

"प्रताप!"

स्पष्ट, मोठ्याने. राव मागेच राहिलं.

दोन हात कमरेशी आले तेव्हा तिने पाय टेकवलाही होता. पाच महिन्यांच्या त्या पायांनी तिला अर्धं सावरलं होतं आणि उरलेलं अर्धं त्या हातांनी. कुणी पडलं नाही. हात मात्र मागे गेले नाहीत.

भामाने आता जवळून त्यांची नजर पाहिली. भीती होती तिथे, नाही कशाला म्हणा. पण थकवा नव्हता. लग्नात सासूबाईंनी दार सोडलं तेव्हा माप ओलांडणाऱ्या मुलीकडे एक तरुण असाच बघत होता.

"पुन्हा म्हण," ते कुजबुजले.

"टेस्ट चालू आहे," भामा म्हणाली.

"अगं बाई!" मालतीबाईंना राहवेना. "भामाबाई, घरचे काय म्हणतील?"

भामाने पदर सारखा केला. "विचारा त्यांनाच. हे काय, समोर उभे आहेत. त्रेचाळीस वर्षं झाली."

चारुलता हातातली फाईल तशीच धरून राहिली. मग म्हणाली, "पण अंकल, तुमचा रिपोर्ट?"

त्या दिवशी पहिल्यांदा दोघं एकाच बसने घरी आली. जागा एकच रिकामी होती. तीवर कोण बसणार यावरून एक स्टॉपभर वाद झाला. शेवटी भामा बसली आणि प्रतापराव तिच्या सीटचा दांडा धरून उभे राहिले, जरासे मागे.

घरी आल्यावर ते पेपर घेऊन बसले. भामा स्वयंपाकघरात गेली आणि तिळाच्या लाडवांसाठी वरच्या फळीकडे हात केला. डबा हाताला लागला. तो खाली घेताना तिची बोटं फळीच्या वरच्या भिंतीला घासली... आणि थांबली. नव्या रंगाखाली दोन खळगे होते. बुजवलेले, गुळगुळीत केलेले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. फळीच्या जुन्या खिळ्यांची भोकं. एक डावीकडे, एक उजवीकडे, अगदी एका सरळ रेषेत. भामाने बोटांनी मोजलं. आत्ताच्या फळीपासून बरोबर दीड इंच वर.

ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, एक हात भिंतीवर ठेवून.

याबद्दल काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. साबुदाण्याच्या डब्यात आता काही नव्हतं, आणि घरात एखादं तरी गुपित असावं.

"प्रताप," तिने आतूनच हाक मारली. या खेपेला ते नाव किती सोपं गेलं! "लाडू खाणार?"

बाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. एक मागे, एक पुढे.

"तू खाणार असशील तर."

भामाने दोन बशा काढल्या.